पाव फेरा

फिटरमामा लग्नाला गेले की आधी मांडवाचे नटबोल्ट तपासायचे आणि मग नवरानवरीकडे बघायचे. महाडच्या एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना ते स्टेजच्या खाली शिरले होते. स्टेजचा एक पाय डुगडुगत होता म्हणे. वरून भटजींचं 'सावधान' आणि खालून हातोडीचा ठोका एकदमच पडला. लोक हसले, मामींनी पदर तोंडाला लावला आणि मामा गुडघे झाडत बाहेर आले ते अक्षता कुठे आहेत विचारत. या माणसाला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. चहा उभ्यानं, पेपर येरझारा घालत. बोलताना अंगठा तर्जनीवर घासत राहायचे, बोटात पातळ पत्रा धरून त्याची जाडी बघावी तसा. त्यांच्याजवळ दहा मिनिटं उभं राहिलं की आपलेही पाय वळवळायला लागत.

अशा माणसानं मला न हलता नेम धरायला शिकवलं असं सांगितलं की लोकांना थट्टा वाटते. पण माझ्या उजव्या हाताला जी काही शिस्त आहे ती त्यांचीच. डाव्या हाताबद्दल पुढे सांगते. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे, आणि लिहिताना तीनदा उठले आहे.

मामा तसे कोणाचेच मामा नव्हते. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं फिटर म्हणून काढली. गेज, व्हॉल्व्ह, बारीक स्प्रिंगा हे त्यांचं खातं. निवृत्त झाल्यावर दासगावच्या घरी त्यांना आठ दिवससुद्धा करमलं नाही. तेवढ्यात आमच्या कॉलेजच्या एनसीसीच्या सरांनी वसाहतीतला एक रिकामा गाळा मिळवून तिथे नेमबाजीचा छोटा क्लब सुरू केला होता. टार्गेटचा कागद पुढेमागे नेणारी दोरी अडकत होती म्हणून मामांना बोलावलं. मामा दोरी दुरुस्त करायला आले आणि राहिले ते राहिलेच. वर्षभरानं सरांची बदली झाली तेव्हा क्लबची किल्ली आपोआप मामांकडे गेली.

त्यांना स्वतःला नेम लागत नसे. कबूल करायला लाजायचेही नाहीत. "मला नेम नाय लागत," ते म्हणायचे, "पण तुझा का नाय लागला ते कळतं." गाळ्याच्या भिंतीवर एका मोठ्या पुराची मातकट रेघ राहिली होती, माझ्या खांद्याच्या उंचीवर. सरांनी ती चुन्यानं पुसून घ्यायला माणूस बोलावला होता. मामांनी त्याला परत पाठवलं आणि त्या रेघेवरून मोजून सगळ्या टार्गेटची उंची लावली. पाण्याइतकी सरळ रेघ कुठला गवंडी मारत नाय, असं त्यांचं म्हणणं. टार्गेटं खरोखरच एका ओळीत आली.

मी कुडपणची. पोलादपूर तालुक्यातलं डोंगरमाथ्यावरचं गाव. आमची नाचणी, वरी आणि सहा गुरं. कॉलेजसाठी महाडला मावसबहिणीच्या खोलीत राहायला आले, एनसीसीत शिरले आणि पहिल्याच महिन्यात हातात एअर पिस्तूल आलं. मला आयुष्यात पहिल्यांदा असं काही सापडलं होतं, की ज्यात आमच्या घरच्या कोणालाही काही कळत नव्हतं. ते माझं एकटीचं होतं. बी.ए. झाल्यावर बाबा डोंगर उतरून आले, माझं ते काळं टार्गेट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "एक वरीस घे. नाय जमलं तर कंपनीत पॅकिंगला लाग." त्यात राग नव्हता. माझ्या दोन चुलत बहिणी तिथेच लागलेल्या होत्या आणि बऱ्या होत्या. पण मला ते नको होतं. राज्य स्पर्धेत निवड झाली की खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी भरतीचा अर्ज करता येत होता. म्हणजे माझ्याकडे एक वर्ष होतं आणि एक पिस्तूल.

पिस्तुलाची कथा अशी, की ते देशी बनावटीचं, सगळ्यात स्वस्त. क्लबचं एकुलतं एक. नळी उत्तम होती, मूठ ठीक होती, पण चाप म्हणजे शिक्षा होती. चाप जड असला की काय होतं ते सांगते. तुम्ही श्वास रोखून काळ्या गोलावर नेम धरलेला असतो, हात स्थिर असतो आणि चाप काही सुटत नाही. तुम्ही बोटाला आणखी जोर लावता. तो जोर मनगटात जातो, नळी खाली झुकते आणि नेमक्या त्याच क्षणी छर्रा सुटतो. मग दहाच्या जागी सात. पुण्याच्या पोरींकडे परदेशी पिस्तुलं असत. त्यातल्या एकीचा चाप एकदा दाबून पाहिला होता मी. बोटाला कळायच्या आत सुटला. त्या दिवशी मला त्या मुलीचा इतका हेवा वाटला की तिनं देऊ केलेला चिवडाही मी खाल्ला नाही.

मामांनी आमचा चाप मोजला तो दिवस आठवतो. त्यांनी नळी छताकडे करून पिस्तूल उभं धरलं, चापाला तार अडकवून तिला दीड लिटरची रिकामी बाटली टांगली आणि मला मापानं पाणी ओतायला लावलं. अर्धा लिटर झालं, एक लिटर झालं. बाटली भरत आली तेव्हा कुठे खट् झालं. मामांनी बाटलीकडे पाहिलं, पिस्तुलाकडे पाहिलं. "हा चाप हाय का एस्टीचा हँडब्रेक?" म्हणाले.

नियम असा, की चाप पाचशे ग्रॅमच्या खाली जाता कामा नये. पाचशे ग्रॅमचं वजन टांगून पिस्तूल उचलायचं. वजन उचललं गेलं तर पास, आधीच सुटला तर नापास. वर कितीही चालतो, पण वर कोणाला हवाय! सगळे पाचशेच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जातात. आमचा त्याच्या जवळजवळ तिप्पट होता.

मोबाइलवरच्या एका व्हिडिओत कोणीतरी स्प्रिंगेचे दोन वेढे कापून चाप हलका केलेला मी पाहिला आणि उत्साहानं मामांना दाखवला. त्यांनी पुरता पाहिलासुद्धा नाही. स्प्रिंग कापणारा आणि दुधात पाणी घालणारा एकाच माळेचे मणी, असं म्हणून मोबाइल मला परत दिला. पावसाळ्यात दार फुगलं म्हणून कोणी बिजागरी तोडत नाही, कुठे घासतंय ते बघतो. तसंच हे. मामींच्या सहा वाट्या आणून त्यांनी त्यात पिस्तुलाचे भाग ओळीनं मांडले, भिंगातून पाहिले आणि दोष दाखवला. चापाचे दोन दात एकमेकांवर टेकतात तिथे कारखान्यातली खरबड तशीच राहिली होती. ती काढायची, पण दातांचा कोन बिघडू द्यायचा नाही.

आणि इथे मला ते मामा दिसले जे लग्नात कोणाला दिसले नव्हते. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यांनी तो नखाएवढा तुकडा चिमटीत धरला आणि त्यांचं सगळं अंग थांबलं. पाय थांबले, अंगठे थांबले. पाच-सहा वेळा हात पुढेमागे झाला आणि बस. पुसून, जोडून पिस्तूल माझ्या हातात. "आज एवढंच. आता मार शंभर. लोखंडाला लोखंडाची वळख होऊ दे." मी चरफडायची. वर्ष चाललंय आणि हे रोज पाच वेळा घासतात! एकदा मी तोंडावर म्हणाले की मामा, या वेगानं मी आजी होईन. ते शांतपणे म्हणाले की मग तुझ्या नातीला चांगला चाप मिळेल.

दीड महिना हे चाललं. बाटलीतलं पाणी कमी होत गेलं. नऊशे, आठशे, सातशे. माझे सात आठ झाले, आठ नऊ झाले. शेवटी त्यांनी बारीक स्क्रू फिरवून चाप साडेपाचशेवर आणला आणि हात पुसले. मी म्हटलं, अजून पन्नास आहेत की. ते म्हणाले, "ते पन्नास घाटाचे. गाडी हादरणार, तू घाबरणार, पंचाचा काटा येगळा. पन्नास हातात ठेवायचे." मला ते पटलं नाही. साडेपाचशे आणि पाचशे यात बोटाला कळण्यासारखा फरक आहे, हे मला आता कळायला लागलं होतं. त्यांनीच कळायला शिकवलं होतं.

त्यांची एक सवय होती, कारखान्यातली. कुठलाही स्क्रू एकदा बसवला की त्याच्या डोक्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून लाल रंगाचा ठिपका द्यायचा. स्क्रू केसभर जरी हलला तरी ठिपका तुटलेला दिसतो. ते याला टिकली म्हणायचे. दासगावच्या घरात पंख्यापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्या वस्तू सवाष्ण होत्या. राज्य स्पर्धेसाठी पुण्याला निघायच्या दिवशी ते रंगाची डबी शोधायला लागले तेव्हा एस्टीला वीस मिनिटं राहिली होती. टिकली वाळायला अर्धा तास लागतो. मी दारात उभी राहून इतकी घाई केली, इतका जीव खाल्ला, की त्यांनी डबी परत ठेवली आणि पिस्तूल तसंच पेटीत घातलं.

वरंधा घाटानं आम्ही पुण्याला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी झाली, पंचबाईंनी वजन टांगलं, उचललं, पिस्तुलावर पास झाल्याचा कागद चिकटवला. माझी पाळी दोन तासांनी होती. मामा चहा घ्यायला गेले, म्हणजे उभ्यानं चहा पीत त्या चहावाल्याच्या स्टोव्हचं काय बिघडलंय ते बघायला गेले. मी एका कोपऱ्यात रिकामा चाप दाबून सराव करत बसले. जड लागत होता. रोजचाच होता, पण त्या दिवशी जड लागत होता. शेजारी परदेशी पिस्तुलांच्या पेट्या उघडत होत्या. मला गाळा आठवला नाही, मामांचे पन्नास आठवले नाहीत. मला पॅकिंगची टेबलं दिसत होती, निळ्या टोप्या घातलेल्या माझ्या दोन बहिणी दिसत होत्या. मामांचा छोटा पेचकस पेटीतच होता. मी डाव्या हातानं तो स्क्रूवर ठेवला आणि पाव फेरा फिरवला. एवढंच. एक श्वाससुद्धा लागला नाही.

त्यानंतर मी जशी मारली तशी त्याआधी कधी मारली नव्हती. छर्रा माझ्या मनातून निघून जात होता. शेवटचा नेम झाला तेव्हा फळ्यावर माझं नाव चौथं होतं आणि निवड पहिल्या आठांची होती. मामा मागच्या बाकांपाशी उभे होते, अर्थातच उभे, आणि दोन्ही हातांनी स्वतःचेच कान धरून हसत होते.

स्पर्धा संपल्यावर काही जणांची चिठ्ठ्या टाकून पुन्हा तपासणी होते. हे मला माहीत होतं. माहीत असून मी ते केलं होतं, म्हणून माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. चिठ्ठीत माझं नाव निघालं. पंचबाईंनी वजन टांगलं आणि उचललं, खट्. दुसऱ्यांदा, खट्. तिसरी संधी देतात. मामा पुढे येऊन वाकून बघत होते. तिसऱ्यांदा खट् झालं तेव्हा त्यांचा चेहरा पाहिला मी. लहानपणी आमची म्हैस कड्यावरून घसरली तेव्हा बाबांचा तसा झाला होता.

पंचबाईंनी विचारलं की सकाळी पास झालेला चाप आता कसा नापास झाला, कोणी हात लावला का? मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण मामा आधी बोलले. "बाई, चूक माझी हाय. टिकली न लावता इस्क्रू सोडला मी. घाटात आंग सैल झालं असणार न् नेम मारता मारता फिरला. पोरीचा काय संबंध नाय." बाई म्हणाल्या, ठीक आहे, तांत्रिक दोष लिहिते. गुण मात्र बाद. मुद्दाम केलेलं असतं तर नाव वर कळवावं लागलं असतं आणि बंदी आली असती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

आता कोणी म्हणेल की मामांनी मला वाचवलं. मला तेव्हा परतीच्या एस्टीत वाटलं होतं तेच, की त्यांना सगळं कळलंय आणि ते पोटात घालताहेत. मी भोरपर्यंत वाट पाहिली की आता रागावतील. घाट सुरू झाला आणि गाडी हादरायला लागली तेव्हा त्यांनी पेटी मांडीवर घेऊन तिच्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं म्हणाले, "माझ्या हातनं असं कधी झालं नव्हतं गो." तेव्हा मला समजलं. ते मला वाचवत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी शोध सुरू केला. चाप पुन्हा साडेपाचशेला लावायचा, टिकली लावायची नाही, पेटी मांडीवर घेऊन एस्टीनं घाट चढायचा आणि उतरायचा. मग गाळ्यात येऊन मला साठ नेम मारायला लावायचे आणि पाचशे ग्रॅम पाण्याची बाटली टांगायची. स्क्रू कधी सुटतो ते त्यांना बघायचं होतं. पावसात वरंधा बंद झाला तर पोलादपूरहून महाबळेश्वरच्या घाटात जाऊ लागले. घाट तो घाट, असं म्हणाले. कंडक्टर ओळखीचे झाले. आज पिस्तूल कुठं फिरायला निघालं, असं विचारायचे. आणि दर वेळी परत आल्यावर मी साठ नेम मारायची, मामा बाटली टांगायचे आणि बाटली उचलली जायची. त्यांचा स्क्रू हलायचाच नाही. कारण तो कधी हललाच नव्हता.

"मग त्या दिशी कसा फिरला?" ते विचारायचे. मला, भिंतीला, बाटलीला. मी छर्रे गोळा करत राहायची.

का सांगितलं नाही? पहिलं वर्ष बंदीच्या भीतीनं. पुढच्या वर्षी, बाबांकडून मागून घेतलेल्या आणखी एका वर्षात, मी त्याच पिस्तुलानं, साडेपाचशेवर, टिकली लावून निवडले गेले. खरं तर तेव्हा कळलं की ते पन्नास ग्रॅम मला कधीच नडत नव्हते. मग भरतीचा अर्ज, कागदपत्रांची तपासणी, पोलादपूरला कार्यालयात नोकरी. आता सांगितलं तर कोणी उकरून काढेल, या भीतीनं. मग नोकरी पक्की झाली आणि भीतीला काही कारण उरलं नाही, तेव्हा वाटलं की इतक्या दिवसांनी कशाला. गप्प राहायला मला कधीच कारण कमी पडलं नाही.

तिकडे मामा बदलत गेले. त्यांनी लोकांची कामं घेणं बंद केलं. दासगावात कोणाचा फवारणीचा पंप बिघडला, कोणाचं शिवणयंत्र अडलं की आधी मामांकडे येई. आता ते दारातूनच परत पाठवत. महाडला घेऊन जा, म्हणत, माझ्या हाताचा भरवसा नाय राहिला. लोकांना आधी थट्टा वाटली, मग वय झालं असं वाटलं. क्लबची किल्ली त्यांनी कॉलेजला परत दिली. मी पहिल्या पगाराचे पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी पेढा तोंडात टाकला, आनंदानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि पाच मिनिटांनी तोच प्रश्न, "तुला काय वाटतं गो, त्या दिशी कसा फिरला असेल?" अंगठा तर्जनीवर घासत होता. येरझारा तशाच होत्या, पण त्या येरझारांच्या शेवटी आता काही काम नव्हतं. नुसतंच भिंतीपर्यंत जाणं आणि परतणं.

चार वर्षं गेली. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी दासगावला गेले. स्वयंपाकघरात एक अनोळखी माणूस वाकून बसला होता. महाडहून आलेला प्लंबर. नळ गळत होता, त्याचा वायसर बदलायला त्याला बोलावलं होतं. आणि फिटरमामा मागे उभे होते, हात पाठीशी बांधून, त्याच्या पान्याकडे बघत. प्लंबरनं पाना तिरका लावला होता. मला कळत होतं, मामांना तर कळतच होतं. त्यांचे खांदे पुढे गेले आणि परत मागे आले.

मी ओटीवर जाऊन बसले. प्लंबर गेला, मामा बाहेर आले, मामी चहा ठेवून आत गेल्या. मी चहा हातात न घेताच म्हणाले, "मामा, तो स्क्रू मी फिरवला होता. पुण्याला, तुम्ही चहाला गेला होतात तेव्हा."

ते येरझारा घालत होते ते थांबले. मला वाटलं होतं, विचारतील का फिरवलास.

"किती?" त्यांनी विचारलं.

"पाव फेरा."

"पुरा पाव?"

"पुरा पाव."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. बोटांवर काहीतरी धरलं, सोडलं. "पाव फेऱ्याला साठ-सत्तर ग्रॅम पडतात," ते हळू म्हणाले. "साडेपाचशातनं सत्तर. बरोबर. सुटणारच." मग त्यांनी डोळे उघडले आणि आतल्या बाजूला वळून मोठ्यानं हाक मारली. "ऐकलंस का गो? सुटला नव्हता तो! माझा इस्क्रू सुटला नव्हता!" आणि हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना फळ्यावर माझं नाव चौथं लागलं होतं तेव्हाच पाहिलं होतं. त्यांनी दोन्ही तळहात समोर धरून पाहिले, एकदा सुलटे, एकदा उलटे.

मीही रडता रडता हसायला लागले. मला वाटलं, झालं, सुटले. ते आता पाठीवर थाप मारतील.

तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसू ओसरायला थोडा वेळ लागला. "तू साठ-साठ नेम मारत होतीस," ते म्हणाले. "मी घाटातनं यायचो न् तू मारायचीस. तुला तवा ठाव होतं?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी कप उचलून माझ्यापुढे सरकवला. "चहा पी," म्हणाले. "न् मग जा तू."

मी प्यायले. चव कळली नाही, पण कप रिकामा केला, कारण त्यांनी सांगितलेली ती एक गोष्ट तरी मला नीट करायची होती.

त्यानंतर मी तीनदा दासगावला गेले. पहिल्यांदा मामी म्हणाल्या, झोपलेत. दुसऱ्यांदाही झोपलेत. हा माणूस दिवसा कधी झोपत नाही हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. परवा दिवाळीला गेले तर ओटीवर बसायला जागा नव्हती. फवारणीचे तीन पंप, एक मिक्सर, कोणाची तरी सायकल उलटी करून ठेवलेली, आणि प्रत्येकाला दोऱ्यानं नावाची चिठ्ठी बांधलेली. मागच्या पडवीतून कानस चालल्याचा आवाज येत होता. पाच-सहा वेळा, मग थांबून, मग परत. मामींनी माझ्या हातातला फराळाचा डबा घेतला, गालावरून हात फिरवला आणि मला पायरीपर्यंत सोडायला आल्या.

"आता बरे हायत गो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जेवतात, झोपतात. तुझं नाव निघालं की परत उठून फिरायला लागतात. तू नको येऊस."

मी बरं म्हणाले. मोटरसायकल सुरू केली नाही, कारण आवाजानं त्यांना कळलं असतं. रस्त्यापर्यंत ढकलत नेली. कानस चालूच होती आणि ती ऐकून मला इतका आनंद झाला की मी वळणावर थांबून पोटभर रडले.